धावपळ बंद

ओढ्याकडच्या रस्त्यावर मला वर्षाराणी भेटली, तेव्हा तिचा चेहरा दिसतच नव्हता. डोक्यावर वैरणीचा एवढा मोठा भारा होता की उसाच्या शेंड्यांची हिरवी पानं तिच्या खांद्यांच्याही खाली लोंबत होती. मी तिला ओळखलं ते बुटांवरून. निळे, टाचेकडे उसवलेले, पळायचे बूट.

"वर्षा, अगं आहेस कुठं? मैदानावर फिरकली नाहीस."

ती थांबली नाही. डोक्यावर भारा असलेलं माणूस थांबत नाही, थांबलं की ओझं दुप्पट होतं. चालता चालताच ती म्हणाली, "डॉक्टरनं पळायचं बंद सांगितलंय, बाई."

"आणि हे?"

"हे कुठं पळणं हाय?"

पानं रस्त्याला घासत ती पुढं निघून गेली. मी तिथंच उभी राहिले. पंधरा वर्षांची पोर, चार दिवसांपूर्वी सरावात चक्कर येऊन मातीत पडलेली. तिला पळायची बंदी, आणि हा भारा चालतो?

मी गडमुडशिंगीच्या मराठी शाळेत सगळी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून सकाळी शाळेच्या मैदानावर मुलींना पळायला शिकवू लागले. मला स्वतःला पळता येत नाही. गुडघे कधीचेच गेले. पण श्वास कसा घ्यायचा, सुरुवातीला उगाच जोर का लावायचा नाही, पळून झाल्यावर धपकन खाली का बसायचं नाही, हे शिकून घेऊन शिकवता येतं. मुलं आपोआप शिकत नाहीत आणि एकदा सांगूनही शिकत नाहीत. पुन्हा सांगावं लागतं, पुन्हा दाखवावं लागतं. त्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

माझ्या सगळ्या मुलींत वर्षाराणी वेगळी होती. तिची पावलं वाजायची नाहीत. तीन हजार मीटरला ती तालुक्यात पहिली आली आणि जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. स्पर्धा पुढच्या महिन्यात होती. त्या दिवशी सरावात शेवटच्या फेरीला ती थांबली, हात पुढं करून काहीतरी धरायला पाहिलं आणि पडली. आम्ही पाणी मारून तिला उठवलं. तिचे वडील कृष्णात मोटारसायकल घेऊन आले आणि तिला शहरात, राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. मीही म्हणाले होते, "न्या, लगेच न्या." त्यानंतर ती आली नाही. मला वाटलं, विश्रांती घेत असेल.

विश्रांती!

दुसऱ्या दिवशी मैदानावर मुली निम्म्याच आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी. एकीची आई किराणा दुकानात भेटली, तिला विचारलं तर ती पदर तोंडाशी धरून कुजबुजली, "बाई, राग मानू नगासा. पोरीची जात हाय. पळून पळून वर्षाराणीची पिशवी सरकली म्हणं. डॉक्टरनं तसंच सांगितलंय."

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडच्या बायका तो अवयव याच नावानं ओळखतात. दुखली पिशवी, सरकली पिशवी, काढली पिशवी. त्या शब्दाला अख्खं गाव घाबरतं. आणि आता एका डॉक्टरांचं नाव त्याच्यामागं लागलं होतं. मी शंभर वेळा सांगितलं असतं तरी माझं कोण ऐकणार होतं?

संध्याकाळी मी कृष्णातच्या घरी गेले. कृष्णात माझाच विद्यार्थी. एमआयडीसीत कारखान्यात कामाला, घरी तीन म्हशी. दारातच त्याची आई धोंडुबाई पाय पसरून बसली होती. आत खाटेवर थोरला मुलगा सम्राट मोबाइल बघत, बाटलीत कसलीशी पावडर घालून खळखळ हलवत होता. तो जिमला जातो. त्या पावडरीचा डबा कपाटावर देवाच्या फोटोशेजारी ठेवला होता.

"या की बाई. बसा. वर्षे, बाईस्नी पाणी आण," कृष्णात म्हणाला.

वर्षानं पाणी आणलं.

"कृष्णात, डॉक्टर नक्की काय म्हणाल्या, ते त्यांच्याच शब्दांत सांग."

"त्येंच्याच शब्दांत सांगतो की. म्हणाल्या, पोरीच्या अंगात रक्त न्हाई. हिची धावपळ कमी करा."

"कमी करा म्हणाल्या? मग तू बंद कशी केलीस?"

"कमी म्हंजी बंदच की, बाई. डॉक्टर लोक तोंडावर बोलत न्हाईत. वर्षे, चहा टाक."

"आणि 'धावपळ' म्हणाल्या? 'पळणं' नाही?"

"धावपळ. धाव आलं, पळ बी आलं. दोन्ही आलं त्यात. आणि कसं सांगाया पायजे?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. ह्याच मुलाला मी जोडशब्द शिकवले होते. भाजीपाला, कामधंदा, धावपळ. फळ्यावर लिहून, वाक्यात उपयोग करून. पाठ छान म्हणायचा.

"ती मैदानावर पळते, स्पर्धेत उतरते, हे तू डॉक्टरांना सांगितलं होतंस?"

"न्हाई बा!" तो एकदम सरसावून बसला. "तीच तर गंमत. पोरगी मैदानावर पळती असं कसं सांगायचं, लाज वाटली. निस्तं चक्कर आली म्हटलं. तरी बी त्येंनी वळखलं! नाडी धरली, डोळं बघितलं आणि म्हणाल्या, लई धावपळ दिसतीया हिची. माझ्या अंगावर काटाच आला, बाई. म्हटलं, ही डॉक्टर हाय का कोण!"

"वर्षे, माझा टी-शर्ट वाळलाय काय बघ गं," खाटेवरून सम्राट ओरडला.

"वर्षे, रेडकू सुटलंय बघ," धोंडुबाई म्हणाली.

मी स्वतःला आवरलं. "कृष्णात, मागच्या वर्षी तू घराची वास्तुशांत केलीस. मला म्हणालास, बाई, लई धावपळ झाली. तेव्हा तू मैदानावर पळत होतास का?"

तो हसला. "तुमी बी काय बाई. शाळा सुटली की आता."

"शब्दाचा कीस कशाला पाडतासा?" धोंडुबाई मध्ये पडली. "बायकांची पिशवी म्हंजी फांदीला लोंबणारं फळ. हलवलं की सुटतंय. तीन महिनं झालं, पोरगी बाहेर बसली न्हाई. चांगलं लक्षण हाय व्हय हे?"

"आणि डोक्यावर भारा घेतल्यावर हलत नाही?"

"भारा डोस्क्यावर असतोय. पिशवी पोटात."

सम्राट फिस्सकन हसला. त्याची आई आक्काताई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, ती हसली नाही. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा परातीत मान घातली.

"डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील ना?"

"दिल्या हुत्या. बंद केल्या," धोंडुबाई म्हणाली. "परसाकडंला काळं व्हाया लागलं. आतनं करपालीया पोरगी म्हटलं."

"आज्जी, लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं."

"तुमास्नी काय ठावं? तुमी मास्तरीण, डॉक्टर न्हवं."

एवढ्या वेळात वर्षानं पाणी दिलं होतं, चहा दिला होता, टी-शर्ट आणून घडी घालून सम्राटच्या उशाला ठेवला होता, रेडकू बांधलं होतं, म्हशींना पेंड कालवून ठेवली होती. ती एकदाही खाली बसली नव्हती. मी मोजत नव्हते, पण बघत होते. त्या घरात कुणालाच ते दिसत नव्हतं. वारा दिसत नाही, तसं.

"वर्षे, येळ झाली. धारंला बस," धोंडुबाईनं हाक दिली.

ती गोठ्यात गेली. आम्ही बोलत राहिलो. म्हणजे मी सांगत राहिले आणि ते ऐकत नव्हते. थोड्या वेळानं ती भरलेली बादली घेऊन उंबऱ्यावर आली. तिचे ओठ मला पांढरे दिसले. मी उठायला लागले, तेवढ्यात बादली तिच्या हातून सुटली, आणि बादलीमागोमाग ती.

दूध फरशीवर पसरत खाटेखाली गेलं.

"दूध!" धोंडुबाई ओरडली.

सम्राटनं आपले पाय वर घेतले.

हे दोन्ही मी विसरणार नाही. एवढी वर्षं वर्गात पोरांनी काय काय केलं, पण माझा आवाज चढला नाही. त्या संध्याकाळी तो कुठून आला कोण जाणे. "दूध राहू दे!" मी ओरडले. "सम्राट, पाय खाली घे आणि बहिणीला उचल! कृष्णात, गाडी बघ कुणाची तरी. आत्ताच्या आत्ता राजारामपुरीला जायचं. आणि आता का पडली ती? सांग! आठवडा होत आला, पळाली होती का ती?"

"पळायची सवय अजून अंगात..." कृष्णात पुटपुटायला लागला आणि माझ्याकडं बघून गप्प झाला.

शेजारच्या पिराजीची गाडी मिळाली. "मी बी येतो," म्हणून धोंडुबाई चपला न घालताच गाडीत बसली. आक्काताईनं तवा उतरवला आणि पिठाच्या हातानंच वर्षाचं डोकं मांडीवर घेतलं. सम्राट मोटारसायकलवरून मागोमाग निघाला. वर्षा रस्त्यातच शुद्धीवर आली. डोळे उघडल्यावर ती पहिलं म्हणाली, "दूध सांडलं का?"

डॉ. प्रियदर्शनी वयानं तरुण. त्यांचा दवाखाना राजारामपुरीच्या एका गल्लीत, वर कोचिंग क्लास, खाली मेडिकल. त्यांनी वर्षाला ओळखलं. तिला झोपवून तपासलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं, मग विचारलं, "काय झालं?"

"न्हाई, ते काय झालं मॅडम..." कृष्णातनं सुरुवात केली.

मी ओठांवर बोट ठेवलं. चौथीत ठेवायची तसं. तो गप्प बसला.

"तिला विचारा," मी डॉक्टरांना म्हणाले. "मागच्या वेळी तिला कुणी बोलूच दिलं नसणार."

डॉक्टर खुर्ची ओढून वर्षाजवळ बसल्या. "सकाळी उठल्यापासून काय काय करतेस, सांग बघू."

वर्षानं वडिलांकडं पाहिलं. मग सांगायला लागली. शेण काढणं, धार, डेअरीला दूध, पाणी भरणं, आईला भाकरीला मदत, शाळा, शाळेतून येऊन वैरण, पुन्हा शेण, पुन्हा धार, पुन्हा डेअरी. एका सुरात, पाढे म्हणावेत तसं.

"आणि खातेस काय?"

"सकाळी चहा."

"चहासोबत?"

"टोस्ट. असला तर."

"दुपारी?"

"डबा. भाकरी, चटणी."

"भाजी? कडधान्य? अंडं?"

"अंडी सम्राटला लागत्यात. जिमला जातोय त्यो."

"दूध? तुमच्या घरी म्हशी आहेत ना?"

"दूध डेअरीला जातंय," वर्षा म्हणाली. त्यात काही चुकीचं आहे असं तिच्या आवाजात कुठंच नव्हतं.

डॉक्टर कृष्णातकडं वळल्या. "मी तुम्हाला हिची धावपळ कमी करा म्हणाले होते. काय कमी केलंत?"

कृष्णातचं तोंड उघडं राहिलं. "पळणं, मॅडम. पळायचं बंद केलं. मैदानावर जायची, ते बंद केलं."

"मैदानावर?"

"ती जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेलीय," मी सांगितलं. "तीन हजार मीटर."

"हे मला माहीतच नाही!" डॉक्टर उभ्याच राहिल्या. "मी पळण्याबद्दल बोललेच नव्हते. शेण, पाणी, भारा, ह्या सगळ्याबद्दल बोलत होते मी. हिचे हात बघितले होते मी, घट्टे पडलेले. तुम्ही ते सगळं तसंच ठेवलंत, आणि हिच्या आवडीची एकच गोष्ट होती, ती काढून घेतलीत?"

मग वर्षा म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय?"

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या, ते तवाच कळलं हुतं मला."

"मग बोलली का नाहीस, पोरी?" मी विचारलं.

"काय बोलू, बाई?" ती उठून बसली. अशक्त होती, पण आवाज अशक्त नव्हता. "धावपळ म्हंजी घरचं काम, असं मी म्हटलं असतं तर कामचुकार म्हणाली असती आज्जी. पळायचं सोडलं तर कुणाचं काय बी अडत न्हाई. काम सोडलं की समद्यांचं अडतंय. मग काय बंद हुणार, तुमीच सांगा."

मी शिक्षिका. उत्तर मला यायला हवं होतं. मी डॉक्टरांकडं पाहिलं.

"मग भारा कोण आणायचा?" एवढ्या वेळात आक्काताई पहिल्यांदा बोलली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. "मी दिसभर दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जातो. हिनं न्हाई आणला तर येऊन मलाच आणाय लागतोय. कोण आणायचा, सांगा की कुणीतरी."

सगळ्यांनी कृष्णातकडं पाहिलं. कृष्णातनं दाराकडं पाहिलं. दारात सम्राट उभा होता, खांदे चांगले रुंद झालेले.

"सम्राटला जमंल की," वर्षा म्हणाली. "त्यो रोज पैसं दिऊन वजन उचलतोय. हे फुकाट हाय."

डॉक्टर हसल्या. मी हसले नाही. त्या पोरीनं विनोद केला नव्हता.

"पण पिशवीचं काय?" धोंडुबाई खुर्चीच्या कडेला घट्ट धरून म्हणाली. "तीन महिनं पाळी न्हाई. ते पळूनच की."

"आज्जी," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "घरात पीठ संपत आलं की तुम्ही पाहुण्यांना जेवायला बोलावता का? नाही ना? शरीराचंही तसंच आहे. आत पुरेसं अन्न नाही असं दिसलं की ते पाळी थांबवतं. आता पाहुण्याची तयारी नको म्हणतं. एवढं काम, त्यावर पळणं, आणि पोटात चहा. पळणं वाईट नाही. उपाशी पळणं वाईट. पिशवी फांदीला लोंबत नसते, ती चहूकडून बांधलेली असते. पंधरा वर्षांच्या पोरीची पिशवी पळून सरकत नाही. उलट नीट खाऊन पळाली तर हाडं भरतात, काळीज मजबूत होतं."

"मग माझी कशी सरकली?"

ते शब्द धोंडुबाईच्या तोंडून सुटले आणि तिचे तिलाच ऐकू आले. तिनं पदर तोंडावर घेतला. कृष्णात आईकडं बघायला लागला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी कृष्णातला आणि सम्राटला बाहेर घालवलं. मग धोंडुबाई बोलली, जमिनीकडं बघत. कृष्णातच्या पाठीवर मुलगी झाली, ती जगली नाही. बाळंतपणाला दहा-बारा दिवस झाले असतील. म्हैस दावं तोडून पळाली. घरात कुणी नव्हतं. ही तिच्यामागं ओढ्यापर्यंत पळत गेली, म्हैस आणली, आणि त्याच रात्री तिला कळलं की अंग बाहेर आलंय. सासू म्हणाली, कशाला पळालीस? बस्स, एवढंच. तेव्हापासून ती कापड बांधून वावरते. कुणाला दाखवलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

"म्हैस पळायच्या आधी, बाळंतपणानंतर तुम्ही झोपून होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"झोपून? झोपवतंय कोण? चौथ्या दिशी भारा आणाय गेलतो की. पाणी भरत हुतो. सासू म्हणायची, म्हशीबी वितात, त्या झोपत्यात व्हय?"

"मग आज्जी, तुमची पिशवी पळाल्यानं सरकली का? पोरं झालेली, अंग ओलं, आणि चौथ्या दिवसापासून डोक्यावर ओझं. त्या दिवशी म्हशीमागं पळाला नसता, तरी आज ना उद्या झालंच असतं."

धोंडुबाईनं जमिनीवरची नजर उचलली. मग म्हणाली, "म्हंजी सासूनं उगाचच म्हशीचं नाव केलं व्हय?"

मला त्या म्हातारीचा इतका राग आला होता की संध्याकाळी तिचा तो "दूध!" ऐकून मी तिला आणखी काही बोलले नाही, हेच नवल. आता तो राग जागेवर राहिना, पण विरलाही नाही. तिच्या सासूवर गेला, चौथ्या दिवशीच्या भाऱ्यावर गेला, त्या कापडावर गेला. एवढं आयुष्य ही बाई एक दुखणं कमरेला बांधून हिंडली, त्याला चुकीचं नाव देऊन हिंडली, आणि तेच नाव नातीच्या पायात बेडीसारखं घालायला निघाली. शाळेत चुकलेला शब्द आपण खोडरबरानं पुसतो. हा कशानं पुसायचा?

डॉक्टरांनी धोंडुबाईला पडद्यामागं घेऊन तपासलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, इलाज आहे, अजूनही आहे. मग वर्षाकडं वळल्या. गोळ्या चालू ठेवायच्या, काळं झालं तरी. दोन्ही वेळा पोटभर, कडधान्य, पालेभाजी, अंडं, दूध. पाळी येईपर्यंत दर महिन्याला दाखवायला यायचं. चक्कर आली की थांबायचं, लपवायचं नाही. रक्त वाढलं की आधी चालणं, मग हळूहळू पळणं.

"आणि स्पर्धा?" वर्षानं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "ह्या वेळची नाही. एवढ्या कमी रक्तावर शर्यत नको."

वर्षानं आपल्या निळ्या बुटांकडं पाहिलं. मग वडिलांकडं पाहिलं. ती जे बोलली नाही, ते कृष्णातला ऐकू गेलं असावं, कारण घरी येईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी तिला म्हणाले, "चल, बघायला तरी जाऊ." ती म्हणाली, "मी न्हाई येत. बघून काय करू? माझी जागा मोकळी हाय, ती बघू?" मी आग्रह केला नाही. तिचा राग तिच्या मालकीचा होता. तो शांत करणं माझं काम नव्हतं. मुलांचा राग लगेच पुसायची मोठ्यांना फार घाई असते.

तिकडं गावात मात्र एक गोष्ट झाली. धोंडुबाई काठी टेकत घरोघर गेली. ज्या ज्या आयांनी पोरी मैदानावरून काढल्या होत्या, त्यांच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "पिशवी माझी सरकली. मी काय शर्यतीत पळालतो व्हय गं? भारा वाहून सरकली. पाठवा पोरीस्नी, आणि जरा खायाला घाला. न्हाईतर मी हितंच बसतो." मी समजावून जे झालं नसतं, ते तिनं दरडावून केलं. मुली परत आल्या. सगळ्या नाही. दोघींची लग्नं ठरवायला घेतली आहेत म्हणून त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्या घरी मी अजून जाते आहे.

डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली, त्या सकाळी वर्षाराणी मैदानावर आली. हातात डबा होता. आज्जीनं शेंगदाण्याचे लाडू दिले होते, "खाल्ल्याबिगर पळशील तर तंगडं मोडतो" ह्या निरोपासकट. ती बुटांच्या नाड्या बांधत होती, तेवढ्यात रस्त्यावरून मोटारसायकल गेली. कृष्णात चालवत होता आणि मागं सम्राट वैरणीचा भारा कवटाळून बसला होता. कुणी ओळखू नये म्हणून त्यानं तोंडाला रुमाल बांधला होता. चोरीचा माल नेल्यासारखा.

कृष्णातनं गाडी थांबवली आणि कुंपणापलीकडून मला हाक मारली.

"बाई, पहिलाच दिवस हाय. तिला लई धावपळ कराय लावू नगासा!"

मी तोंड उघडणार होते. पुन्हा एकदा सांगणार होते. मुलांना पुन्हा सांगावं लागतंच.

पण वर्षाराणी माझ्याआधी उठली. कुंपणापर्यंत गेली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "पप्पा, धावपळ आता तुमची! मी निस्तं पळतो!"

आणि वळून पळायला लागली. तिची पावलं आज वाजत होती.